विश्लेषण : सातपुड्याचा नाला वावरात का घुसतो? पाण्यापेक्षा गोट्यांचे नुकसान मोठे का?

पायथ्याच्या गावांत पुराचे पाणी फार वेळ थांबत नाही. दुपारी दुथडी भरलेला नाला रात्रीपर्यंत गुडघ्याखाली येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातून बैलगाडीही जाते. मागे राहतात ते गोटे, रेती, मुरूम आणि मुळासकट वाहून आलेली झुडपे. पाण्याने कपाशी गेली तर एक हंगाम जातो. पण वावरावर फूटभर रेती बसली, किंवा वरची काळी माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला, तर किती हंगाम जातील याचा अंदाज अनुभवी कास्तकारालाही बांधता येत नाही.

२२ जुलै २०२३ रोजी बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी हे पाहिले. मुसळधार पावसाने सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांना एकाच वेळी पूर आला, गावांत पाणी शिरले आणि काठची जमीन खरडून गेली. अकोला जिल्ह्यातले तेल्हारा, अकोट आणि अमरावती जिल्ह्यातले अंजनगाव सुर्जी, अचलपूर, चांदूर बाजार हे तालुके त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी आहेत. वान, विद्रूपा, पठार, बोर्डी, शहानूर, चंद्रभागा, सापन, बिच्छन या नद्यांवर निदान कुणाचे तरी लक्ष असते, त्यातल्या काहींवर धरणेही आहेत. त्यांना येऊन मिळणाऱ्या लहान नाल्यांचे तसे नाही. हे विश्लेषण मुख्यतः त्या नाल्यांबद्दल आहे.

आभाळ कोरडे, तरी पूर कसा?

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून उंचावर आहे. अचलपूर-परतवाडा चारशे मीटरच्याही खाली. दोन्हींमधले सरळ रेषेतले अंतर जेमतेम २५ किलोमीटर. म्हणजे डोंगरात पडलेले पाणी इतक्या कमी अंतरात सातशे मीटर खाली उतरते आणि मग अचानक पूर्णेच्या जवळपास सपाट खोऱ्यात येते. त्यात चिखलदऱ्याचा वार्षिक सरासरी पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट. डोंगरावर काळ्या बेसॉल्ट खडकावर मातीचा थर पातळ आहे. तो भिजून गच्च झाला की पुढचा पाऊस मुरत नाही, सरळ वाहू लागतो.

नाल्यातले पाणी पुरात सेकंदाला दोन ते तीन मीटर धावते असे धरले, तर दहा किलोमीटर वर पडलेला पाऊस गावाच्या मोरीपर्यंत यायला तास-सव्वा तास लागतो. त्या वेळी गावात ऊन पडलेले असू शकते. निंदण चालू असते, जनावरे नाल्यापलीकडे चरत असतात. पायथ्याच्या गावांत पुराचा फटका बसतो तो पावसाच्या प्रमाणापेक्षा या वेळेच्या गफलतीमुळे.

सरकारी व्यवस्थेतही ही गफलत आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानली जाते. पण नाल्याचा पाणलोट मेळघाटात आणि शेत खालच्या मंडळात असेल, तर खालच्या पर्जन्यमापकात ३० मिलिमीटर पाऊस दिसूनही जमीन वाहून गेलेली असू शकते. अशा वेळी ‘तुमच्या मंडळात अतिवृष्टीच नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. पुराने झालेले नुकसान हा पंचनाम्याचा वेगळा आधार आहे.

पाणी गोटे उचलते कसे आणि टाकते कुठे?

जलशास्त्रात जुना ठोकताळा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते. व्यासात बोलायचे तर चौपट. एरवी लिंबाएवढा खडा हलवणारा प्रवाह वेग दुप्पट होताच नारळापेक्षा मोठा गोटा लोटत नेतो. म्हणून डोंगरात नाल्याचे पात्र मोठाल्या दगडांनी भरलेले दिसते आणि खाली काळ्या मातीत नाला गेला की फक्त गाळ.

उलट बाजूही तितकीच खरी. वेग निम्मा झाला की पाणी ओझे टाकते. आधी मोठे गोटे, मग गिट्टीएवढे, मग रेती आणि सगळ्यात शेवटी बारीक माती. सातपुड्याच्या पायथ्याशी उतार एकदम मोडतो. डोंगर संपतो तिथे नाला हजारो वर्षे हेच करत आला आहे. त्यातून पायथ्याला गोटे-रेतीचा लांबलचक पट्टा तयार झाला. भूजलशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. त्याच्या दक्षिणेला खोल काळी गाळाची जमीन लागते आणि पुढे पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा.

एकाच नाल्याचे नुकसान या पट्ट्यांत वेगवेगळे दिसते. अगदी पायथ्याशी काठ तुटतो आणि गोटे येतात. दोन-चार किलोमीटर खाली रेती पसरते. आणखी खाली दर्यापूरकडे गोटा पोहोचतच नाही. तिथे पूर्णा भरलेली असली की नाल्याला पुढे जायला जागा नसते, पाणी मागे फुगते आणि पिकात दिवसेंदिवस साचून राहते. एका गावाचा उपाय दहा किलोमीटरवरच्या गावात तसाच लागू पडत नाही तो यामुळे.

गोट्यांच्या या पट्ट्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. पायथ्याच्या संत्राबागा आणि केळी ज्या विहिरींवर उभ्या आहेत, त्यांना पाणी या गोट्या-रेतीतून मुरूनच मिळते. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार झाला. त्याची सगळी मदार याच बझाडा पट्ट्याच्या पाणी पिण्याच्या क्षमतेवर आहे. जो गोटा वावरात नको असतो, तोच पात्रात हवा असतो.

नाला जुनी वाट का आठवतो?

गोटे टाकता टाकता नाल्याचे स्वतःचेच पात्र उथळ होते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ते उंच झाले की नाला शेजारची सखल वाट पकडतो. पायथ्याच्या पट्ट्यात नाले असेच इकडून तिकडे सरकत आले. आज ज्या वावरात तूर उभी आहे, तिथे खाली दोन हात खणल्यावर गोलसर गोटे लागत असतील तर ती एके काळची नाल्याची वाट आहे असे समजायला हरकत नाही. गोलसर गोटा पाण्यात घासल्याशिवाय होत नाही.

उत्तराखंडमधले धराली अशाच जमिनीवर वसले होते. डोंगरी ओढ्याने आणून टाकलेल्या गाळ-गोट्यांच्या पंख्यावर हॉटेले आणि घरे उभी राहिली. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगंगेतून आलेल्या मलब्याने त्यातला मोठा भाग काही मिनिटांत गाडला. सातपुडा हिमालय नाही. इथला डोंगर कठीण खडकाचा, उंचीने लहान, आणि धरालीएवढ्या मलब्याची भीती घालणे अतिशयोक्ती ठरेल. पण नाला आपली जुनी वाट परत घेतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

आपल्याकडे ही वाट बुजवण्याची सवय आहे. वर्षानुवर्षे नाला कोरडा राहिला की धुरा दरवर्षी दोन तास पुढे सरकतो. काही ठिकाणी नाल्याचे वळणच काढून तो सरळ केला जातो, जमीन चौकोनी होते म्हणून. वळण काढले की तीच उंची कमी अंतरात उतरावी लागते, उतार वाढतो, वेग वाढतो आणि खालच्या शेतकऱ्याचा काठ तुटतो. कायद्याने पाहिले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत नद्या-नाल्यांची पात्रे राज्य सरकारच्या मालकीची मानली आहेत. ती सातबाऱ्याला जोडता येत नाहीत. पण व्यवहारात नाल्याची हद्द मोजायला कुणी जात नाही, आणि गेलेच तर पुरानंतर, भांडण झाल्यावर.

जुना नाला कुठून जात होता हे मोबाइलवरही बऱ्यापैकी कळते. राज्याच्या ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर गावाचा नकाशा दिसतो. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची उपग्रहचित्रे उघडता येतात. जुनी वाट ओलसर, गडद पट्ट्यासारखी किंवा गोट्यांमुळे फिकट दिसते. संत्र्याची नवी लागवड, विहीर किंवा गोठा यांची जागा ठरवण्याआधी एवढे पाहणे फुकट आहे.

तीन पायल्यांची मोरी पुरते का?

बहुतेक ठिकाणी पूर वावरात घुसतो तो मोरीपाशी. पांदण रस्ता नाला ओलांडतो तिथे सिमेंटच्या दोन-तीन पायल्या टाकून वर मुरूम भरलेला असतो. ही मोरी किती पाणी काढू शकते? हिशेब सोपा आहे, इंजिनीअर लागत नाही.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. नाल्याचा पाणलोट दहा चौरस किलोमीटर, म्हणजे १,००० हेक्टर धरा. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झाले १०० कोटी लिटर. यातले निम्मे मुरले किंवा अडले आणि उरलेले दोन तासांत मोरीपाशी आले असे मानू. म्हणजे सेकंदाला सुमारे ७०,००० लिटर. दर सेकंदाला दहा हजार लिटरचे सात टँकर.

आता मोरी. ९० सेंटिमीटर व्यासाच्या एका पायलीतून सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगाने पाणी गेले, तर १,६०० ते १,९०० लिटर निघतात. तीन पायल्यांतून फार तर पाच-सहा हजार. म्हणजे येणाऱ्या पाण्याचा बारावा हिस्सा, तोही पायल्या आतून पूर्ण स्वच्छ असतील तर.

उरलेले अकरा हिस्से रस्त्याच्या भरावामागे तुंबतात. काही रस्त्यावरून ओसंडतात, काही सखल बाजूने शेजारच्या वावरात वळतात. वळलेले पाणी पुन्हा नाल्याकडे यायला धडपडते आणि त्या वाटेवर जमीन चिरत जाते. पुरानंतर पुष्कळदा दिसते ते असे : मोरी जागेवर शाबूत, रस्त्याचा एका अंगाचा भराव गायब आणि शेजारच्या शेतात नवाच नाला. आणि भराव एकदम फुटला तर मागे साठलेले पाणी लाटेसारखे खाली जाते. खालच्या गावाला तो ढगफुटीचा पूर वाटतो, असतो मात्र फुटलेल्या रस्त्याचा.

म्हणून लहान नाल्यावर पायल्यांच्या उंच मोरीपेक्षा बसका, काँक्रीटचा रपटा पुष्कळदा बरा. पाणी वरून जाऊ द्यायचे, अडवायचे नाही. वर्षातले दोन-चार दिवस रस्ता बंद राहील, पण वावर वाचेल. गावाला हे पटवणे अवघड असते, कारण रस्त्याची मागणी सगळ्यांची आणि नाल्याकाठची जमीन चार-पाच जणांची. जिथे वाहतूक मोठी आहे तिथे रुंद गाळ्यांचा पूलच हवा, त्याला पर्याय नाही.

रपट्याचा धोकाही स्पष्ट सांगायला हवा. २८ सप्टेंबर २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पाण्यातून काढलेली एसटी बस वाहून गेली, त्यात जीव गेले. घोट्याच्या वर वेगाचे पाणी माणसाचा तोल घालवते. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलते. गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की तो खचला आहे, हे काठावरून कळत नाही.

मोरी तुंबते कशाने?

सगळा दोष डोंगराला देता येत नाही. मोरीच्या तोंडाशी अडकलेला ढीग उपसून पाहिला तर त्यात डोंगरातली झुडपे असतात, पण सोबत पऱ्हाट्या, सोयाबीनचे कुटार, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा प्लास्टिक कागद आणि नाल्यात माजलेली बेशरमही असते. कपाशी उपटल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग नाल्याच्या काठावर लावायची पद्धत जुनी आहे, कारण ती जागा पिकाची नसते. पहिल्या मोठ्या पुरात ते ढीग तसेच उचलले जातात. पऱ्हाटी लांब आणि फांद्यांची. एक आडवी अडकली की मागची दहा तिच्यात गुंततात, त्यात गवत बसते, मग रेती बसते आणि पायली बंद होते.

वरच्या हिशेबातले पाच-सहा हजार लिटर अशा वेळी शून्यावर येतात. नाल्याच्या पुराबाबत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम कोणते, असे विचारले तर उत्तर हेच : मे महिन्यात पायल्यांची तोंडे मोकळी करणे आणि काठावरचे ढीग उचलणे. पऱ्हाट्यांची कुट्टी करून त्या शेतातच कुजवता आल्या तर उत्तम. नाही तर निदान काठापासून दूर, उंचवट्यावर रचाव्यात. मोठ्या मोरीच्या वरच्या अंगाला काही मीटरवर लाकडी बल्ल्या किंवा जुने रूळ उभे रोवून कचरा तिथेच अडकवता येतो. मात्र तो प्रत्येक पुरानंतर काढावा लागतो. काढणारा माणूस ठरलेला नसेल तर ही जाळीच नवा अडथळा होते.

नाला खोल केला की प्रश्न सुटतो?

महाराष्ट्रात नाल्याचे काम म्हटले की जेसीबी आणि खोलीकरण डोळ्यांसमोर येते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या कामांनी या पद्धतीला प्रसिद्धी दिली, पुढे डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात ती राज्यभर गेली. पाणी साठवण्यासाठी तिचा काही ठिकाणी उपयोग झालाही. पण पायथ्याच्या पट्ट्यात, पुराच्या दृष्टीने, सरसकट खोलीकरण हे अर्धवट औषध आहे आणि कधी कधी उलटे पडणारे.

एक तर खोल केलेला तुकडा हा खड्डाच असतो. डोंगरातून गोटे येत राहिले तर एक-दोन मोठ्या पुरांत तो भरतो. दुसरे, खालचा तुकडा खोल केला की वरच्या तुकड्याचा तळ त्या पातळीला यायला बघतो. तळ मागे मागे खरडत जातो, काठ ढासळतात, मोरीचा पाया उघडा पडतो. तिसरे आणि सर्रास दिसणारे म्हणजे निघालेली माती दोन्ही काठांवरच रचून ठेवणे. ती बांधासारखी दिसते, पण दाबलेली नसते. पुरात फुटते आणि नाल्यातच जाते. फुटली नाही तरी वावरातले पाणी नाल्यात उतरू देत नाही, मग पीक आतून सडते.

खोलीऐवजी रुंदी हवी असते. पात्र रुंद असले की पाण्याची उंची आणि वेग कमी राहतो, गोटे पात्रातच बसतात. पण रुंदी जमिनीतून द्यावी लागते, आणि जमीन कुणाची जाणार हा प्रश्न येताच बैठक संपते. खोलीकरणाला कुणाची जमीन लागत नाही, त्याची लोकप्रियता बरीचशी यातच आहे.

काठावर एकट्याने दगडी भिंत घालण्याचेही असेच. एका बाजूचा काठ पक्का झाला की प्रवाहाचा मार समोरच्या काठावर जातो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पिचिंग किंवा गॅबियन करायचे असेल, तर त्याचा पाया तळाच्या खाली न्यावा लागतो. नाही तर पुरात आधी पायाखालची रेती जाते आणि मग जाळीसकट भिंत आडवी होते.

मग दगड अडवायचा कुठे?

दगडाला डोंगरातच थांबवणे सोपे असते. जपानने यासाठी शंभराहून अधिक वर्षे ‘साबो’ नावाची कामे केली. डोंगरी ओढ्यांत पायऱ्यापायऱ्यांनी बांध, त्यातल्या काहींना मुद्दाम मोकळ्या फटी ठेवलेल्या. पाणी आणि बारीक माती निघून जाते, गोटे आणि ओंडके मागे राहतात. नाव जपानी असले तरी कल्पना आपल्या मृदसंधारणाच्या पुस्तकात आहेच. उतारावर समतल चर, बारक्या ओघळींत अनघड दगडी बांध, मोठ्या ओघळीत गॅबियन बंधारा. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचे, हा क्रम पाणलोट विकासात पहिल्यापासून सांगितला जातो. मोडला जातो तोही इथेच, कारण माथ्यावरचे काम लहान, हाताचे आणि न दिसणारे असते.

वऱ्हाडात एक जास्तीची अडचण आहे. नाल्याचा माथा पुष्कळदा वनविभागाच्या किंवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, पायथ्याची कामे मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, मोरी रस्ता ज्याचा त्याच्याकडे, आणि खालची नदी जलसंपदा विभागाकडे. गोटा या सगळ्या हद्दी ओलांडून येतो. ग्रामपंचायतीने पाणलोटाचा एकच नकाशा काढून, कोणते काम कुणाच्या हद्दीत हे लिहून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे दिले, तर निदान चेंडू एका टेबलावर येतो. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि यातल्या बहुतेक विभागांना एकत्र बसवू शकतात.

गॅबियन किंवा बंधाऱ्यामागे साठलेले गोटे काढले नाहीत तर पुढच्या पुरात ते वरून उडी मारून येतात, हे लक्षात ठेवावे. रेती-मुरूम गौण खनिज आहे. पात्रातून ते काढून नेण्याआधी तहसीलची परवानगी लागते.

काठाच्या वावरात काय करता येईल?

काठापासून काही तास पेरणी सोडून तिथे गवत आणि झाडे राहू देणे, हा उपाय ऐकायला नुकसानीचा वाटतो. पण नाला ती पट्टी कधी तरी घेतोच, प्रश्न फक्त सोबत आणखी किती नेतो एवढाच. वाळा, निरगुडी, बांबू, करंज, अर्जुन यांची मुळे काठ धरतात. पाणी वर चढले तरी झाडांच्या ओळीत त्याचा वेग मोडतो आणि गोटे वावराच्या तोंडाशीच पडतात. बेशरम मात्र पात्रात माजू देऊ नये.

शेतातली पेरणी उताराला आडवी असावी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीची शिफारस करते. तीत जास्तीचे पाणी सऱ्यांतून काढता येते.

संत्राबागेत रेती किंवा गाळ बसला तर थांबून चालत नाही. खोडाभोवती गाळाचा थर राहिला की डिंक्या आणि मूळकूज यांना आयते निमित्त मिळते. पाणी चर काढून बाहेर काढावे, खोडाभोवतीचा गाळ आधी हटवावा आणि खोडाला बोर्डो मलम लावावे. पुरात बुडालेली मोटर तपासल्याशिवाय चालू करू नये.

इशारा वेळेत कसा मिळेल?

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने वरूड तालुक्याच्या पलीकडे, नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. वर्धाही सातपुड्यातूनच निघते. तेव्हा वरच्या भागातली खबर खाली पोहोचवायला साधन नव्हते. आज ते जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे, पण वापराची पद्धत बसलेली नाही.

हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड इशारा जिल्ह्यासाठी असतो, नाल्यासाठी नसतो. तरी ज्या दिवशी अमरावती जिल्ह्याला तो आहे, त्या दिवशी मेळघाटाकडे ढग दिसत असतील तर नाल्यापलीकडची जनावरे आणि पात्रातले पंप दुपारआधी काढून घ्यावेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ अ‍ॅपवर ठिकाणानुसार इशारे मिळतात. विजेसाठी ‘दामिनी’ आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

सगळ्यात भरवशाचा इशारा मात्र वरच्या गावातला माणूस देतो. डोंगरातल्या गावाने ‘नाला चढला’ एवढा फोन खालच्या दोन गावांना केला, तर खाली किमान अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यासाठी सरपंच, पोलीस पाटील आणि काठचे शेतकरी यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट पुरेसा आहे. अट एवढीच, की त्यात शुभ सकाळचे फोटो नकोत. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसते, तिथे फोन लागेल अशी जागा आधी ठरवून ठेवावी. आणखी एक खूण जुने लोक सांगतात आणि ती शास्त्राला धरून आहे : वाहता नाला भर पावसाळ्यात एकदम कमी झाला किंवा अचानक गढूळ झाला, तर वर कुठे तरी अडथळा साचला आहे. अशा वेळी पात्रातून ताबडतोब बाहेर पडावे.

गोटे पडलेच, तर मदत किती?

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार शेतात तीन इंचांपेक्षा जास्त रेती किंवा गाळ साचला असेल तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये, आणि दरड कोसळून, जमीन खरडून किंवा नदीने पात्र बदलून जमीन गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये मदत आहे. अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी, प्रशासनाने प्रमाणित केल्यावर.

१८,००० रुपयांत काय होते ते पाहू. एका हेक्टरवर तीन इंच थर म्हणजे ७५० घनमीटर, सुमारे २६५ ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास धरला तर मदत पडते ट्रॉलीमागे ६८ रुपये. तेवढ्यात डिझेलही निघत नाही, आणि हा थर किमान मर्यादेचा आहे. फूटभर बसला असेल तर हजाराहून अधिक ट्रॉल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांची कामे, तसेच गाळाने भरलेल्या विहिरीसाठी ३०,००० रुपये धरले होते. जमीन दुरुस्तीचा खरा खर्च कोणत्या पातळीचा आहे, हे त्या आकड्याने निदान मान्य केले. पण ते त्या वर्षाचे पॅकेज होते, कायमचा निकष नाही.

पंचनाम्यासाठी तीन इंचांची अट लक्षात ठेवून फोटो काढावेत. थरात उभी फूटपट्टी किंवा टेप धरून, मागे ओळखू येईल असे झाड किंवा विहीर घेऊन, मोबाइलचे लोकेशन चालू ठेवून. शक्य असेल तर दर मे महिन्यात त्याच जागेवरून एक फोटो काढून ठेवावा. ‘आधी कसे होते’ याचा पुरावा पुरानंतर मिळत नाही. रेती उपसायची घाई असली तरी ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, येईपर्यंत एक तुकडा न हलवता ठेवावा.

पीक विम्याबाबत जुन्या सल्ल्यावर विसंबू नये. ७२ तासांत तक्रार नोंदवा, असे आजही फिरणारे संदेश सांगतात. खरीप २०२५ साठी मात्र राज्याने योजनेत बदल करून स्थानिक नैसर्गिक आपत्तीचा निकष वगळला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. एका नाल्याने चार शेते नेली तर ते मंडळाच्या सरासरी उत्पादनात दिसतही नाही. त्यामुळे दर हंगामाचा शासन निर्णय पाहूनच हप्ता भरावा. आणि विमा पिकाचा असतो, जमिनीचा नाही.

ग्रामपंचायतींची १ मेची ग्रामसभा या सगळ्यासाठी नेमक्या वेळी येते. तोवर कपाशी निघालेली असते, पऱ्हाट्या काठावर दिसत असतात, नाला कोरडा असतो आणि मृग लागायला पाच आठवडे उरलेले असतात. विषयपत्रिकेवर ‘नाला’ एवढाच शब्द न लिहिता मोरीचे ठिकाण, पायल्यांची संख्या, साफ करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून घेतली, तर जूनमध्ये विचारायला काही तरी हातात राहते.